मागेल तिला सुई

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळीच रसिकाची पाळी आली. न्हाणीघराची कडी लावून ती क्षणभर भिंतीला टेकून उभी राहिली. सुटले, असं तिला वाटलं. या घरात तिच्या पाळीकडे दोघींचं लक्ष असे. एक ती स्वतः, यावी म्हणून. आणि दुसरी तिची सासू मंगलाबाई, येऊ नये म्हणून.

बाहेर आल्यावर मंगलाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं.

"आली?"

"हो."

"म्हणजे याही महिन्यात नाहीच." मंगलाबाईंनी गॅस बारीक केला. "आणि नेमका आजचा दिवस धरलास. आता वाणाच्या पिशव्यांना शिवू नकोस. मांडवाबाहेर बस. पाण्याचे ड्रम बघ, चपलांकडे लक्ष ठेव."

त्या पिशव्या आदल्या दुपारी रसिकानेच भरल्या होत्या. प्रत्येकीत एक स्टीलची वाटी, तिळगुळाची पुडी आणि सरकारी दवाखान्यातून आलेलं एक पाकीट. पाकिटात गोळ्या आणि निरोध. सगळं फुकट. भरताना तिच्या मनात एक पाकीट काढून घ्यावं असं आलंही होतं. पण ठेवणार कुठे? हिंदी मुलखातल्या त्या शहरात, टी. टी. नगरच्या जुन्या सरकारी क्वार्टरमध्ये मंगलाबाईंचा हात पोचत नाही असा एकही कोपरा नव्हता.

तसा प्रयत्न तिने करून पाहिला होता. धाकटीच्या बाळंतपणात रसिकाला इतका रक्तस्राव झाला की दोन दिवस तिला कशाचीच शुद्ध नव्हती. डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं, पुन्हा दिवस राहू देऊ नका, बाईच्या जिवाशी खेळ होईल. तेव्हा मंगलाबाईंनी पदराने डोळे पुसले होते. पुढे धाकटी चालायला लागली आणि मंगलाबाई म्हणू लागल्या, "डॉक्टर घाबरवतातच. त्यांचा धंदा आहे तो. दोन मुलींवर एक मुलगा झाला की मग मी तुला काही म्हणणार नाही."

रसिकाने जवाहर चौकातल्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि मुलींच्या लोकरीच्या कपड्यांत लपवल्या. आठवड्याभरात त्या कचऱ्याच्या डब्यात दिसल्या, नारळाच्या शेंड्यांखाली. मंगलाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.

मग तिला दवाखान्यात मिळणाऱ्या सुईबद्दल कळलं. दंडात एकदा टोचली की तीन महिने काळजी नाही. घरात लपवायला काही नाही, फेकून द्यायला काही नाही. सरकारी दवाखान्यात पैसेही पडत नाहीत. रसिका भाजी आणायला म्हणून निघाली आणि तिकडे गेली. तिथल्या सुशीला सिस्टरने तिला बसवलं, नाव विचारलं, आणि नाव ऐकून हसली. "अच्छा, मंगला भाभीजी की बहू! लड़का तो नहीं है ना अभी? पहले सासूजी को साथ ले आओ बेटा, फिर देखते हैं."

रसिका भाजी न घेताच घरी आली. मंगलाबाईंनी दोन कप चहा ओतला होता.

"बस. चहा घे. सिस्टरचा फोन आला होता."

ही गोष्ट दिवाळीच्या आधीची.

मंगलाबाई वाईट बाई होत्या असं कोणी म्हटलं नसतं. मराठी महिला समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. नाल्याकाठच्या वस्तीतल्या मुलींना त्यांनी शाळेत घातलं होतं, दारूड्या नवऱ्यांना दारात उभं राहून झापलं होतं. यंदा दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टर मॅडमनी समितीला विचारलं की वस्तीतल्या बायका आमच्या शिबिराला येत नाहीत, तुम्ही काही कराल का. मंगलाबाईंनी चुटकीसरशी तोड काढली. शिबिर म्हटलं की येणार नाहीत. हळदीकुंकू म्हटलं की धावत येतील. वाण म्हणून पाकीट द्यायचं, आणि ज्यांना सुई हवी त्यांना तिथेच पडद्यामागे.

रात्रीच्या जेवणाला सासऱ्यांनी, शांतारामरावांनी, त्यावर शेरा मारला होता. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांना फुकट या शब्दाचा राग होता.

"सरकारने हे फुकट का द्यावं? मोबाइलला पैसे आहेत, गुटख्याला आहेत. याला नाहीत?"

"पैसे नवऱ्याच्या खिशात असतात," मंगलाबाई म्हणाल्या. "ती बिचारी मागणार कोणाकडे? आणि मागितले तर सासू विचारणार, कशाला हवेत. फुकट आहे म्हणून तिला निदान कोणाला विचारावं लागत नाही."

"वा! बोललीस बघ आई," हेमंत म्हणाला. हेमंत म्हणजे रसिकाचा नवरा, राज्य सरकारच्या एका कार्यालयात कारकून.

रसिका पोळी वाढत होती. तिने हेमंतच्या पानात पोळी टाकली ती जरा जोरातच पडली. त्याने वर पाहिलं आणि तूप मागितलं.

समितीच्या बैठकीत मात्र एक अडचण निघाली होती. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं की ज्यांची पाळी चालू आहे त्यांना आवर्जून बोलवा. त्या दिवसांत पोटात काही नाही याची खात्री असते, सुई लगेच देता येते. समितीतल्या सर्वांत ज्येष्ठ इंदुमतीकाकूंनी कानाला हात लावले.

"अगं मंगला, हळदीकुंकवाला विटाळशा बोलवायच्या? आणि आपण त्यांना कुंकू लावायचं?"

"त्यांच्यात चालतं काकू," संपदा म्हणाली. ती समितीतली सगळ्यांत तरुण. "एका खोलीत आठ माणसं राहतात. त्या कुठे बाजूला बसणार?"

निवाडा मंगलाबाईंनीच केला. "आपण लावायचंच नाही. ताट पुढे करायचं, त्यांनी आपल्या हाताने लावून घ्यायचं. पिशवी वरून सोडायची. धर्मही राहिला आणि कामही झालं."

सगळ्यांना ते पटलं. पाणी देता देता ऐकणाऱ्या रसिकालाही तेव्हा हसू आलं होतं.

आता ती मांडवाच्या कडेला, पाण्याच्या ड्रमपाशी उभी होती आणि तिला मुळीच हसू येत नव्हतं. वस्तीतल्या समाजभवनासमोरच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. बायका आल्या होत्या, चिक्कार आल्या होत्या. कडेवर पोरं, अंगावर ठेवणीतल्या साड्या. एका बाजूला पडदा लावून सुशीला सिस्टर आणि डॉक्टर मॅडम बसल्या होत्या. एका हिंदी पेपरचा वार्ताहर कॅमेरा घेऊन हिंडत होता.

मंगलाबाईंनी माईक हातात घेतला. जांभळी पैठणी, ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत.

"बहनो, आज यहाँ आपसे कोई कुछ नहीं पूछेगा. न पति की इजाज़त, न सास की. शरीर आपका है, फ़ैसला आपका. सरकार मुफ़्त देती है, तो किसी के बाप का एहसान नहीं है. जो माँगेगी, उसे मिलेगा!"

टाळ्या पडल्या. वार्ताहराने फोटो काढला.

रसिकाच्या हातात स्टीलचा पेला होता. न सास की. ते शब्द तिच्या सासूच्या तोंडातून, माईकवरून, पटांगणभर गेले होते आणि त्या बाईची जीभ अडखळली नव्हती. ढोंग करणारा माणूस निदान इकडे तिकडे बघतो. मंगलाबाई खऱ्या मनाने बोलत होत्या. यांच्यासाठी एक आणि आपल्यासाठी एक, इतकं ते त्यांच्या मनात स्वच्छ होतं. रसिकाला तेच असह्य झालं.

तिने काही ठरवलं नव्हतं. पेला ड्रमवर ठेवला, चपला काढल्या आणि सतरंजीवर, ओळीच्या टोकाला, एका बाईशेजारी जाऊन बसली. ती बाई फूलवती. समितीतल्या दोन घरी धुणीभांडी करायची.

"दीदी, आप इधर?" फूलवतीने दचकून विचारलं.

"सुई लगवानी है."

"हाय राम. हमको लगा क्वार्टरवालियों का ये सब घर बैठे हो जाता होगा." तिने रसिकाला नीट न्याहाळलं. "सास?"

"वो. माइकवाली."

फूलवतीने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. मग तिने सरकून जागा करून दिली.

मंगलाबाई ताट घेऊन ओळीतून येत होत्या. मागे संपदा पिशव्यांचा ढीग सांभाळत होती. ताट पुढे होई, बाई बोट बुडवून कपाळाला लावी, पिशवी वरून पडे. फूलवतीचं झालं. ताट पुढच्या बाईसमोर आलं आणि थांबलं.

"इथे काय करतेयस?" मंगलाबाई मराठीत, ओठ न हलवता म्हणाल्या.

रसिकाने ताटात बोट बुडवलं आणि कुंकू कपाळाला लावलं. बाकी पटांगणाला काही कळलं नाही. पण सकाळी फोनवर मंगलाबाईंनी सुनेच्या पाळीचं ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या समितीच्या बायकांना कळलं. इंदुमतीकाकूंच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. रसिकाने पदर पसरला.

"वाण द्या, आई."

"ऊठ. तमाशा करू नकोस. घरी बोलू."

"घरी बोलले होते. तुम्ही गोळ्या कचऱ्यात टाकल्यात."

"हळू बोल!"

"कशाला? यांना कुठे मराठी कळतं?"

"इंदुमतीकाकूंना कळतं!"

इंदुमतीकाकू अचानक वाट्या मोजू लागल्या. मंगलाबाई वाकल्या. त्यांचा आवाज आता जवळजवळ विनवणीचा होता. "रसिका, हे गरिबांसाठी आहे गं. आपल्याला काय कमी आहे?"

"मुलगा. मुलगा कमी आहे ना आपल्याला?" रसिकाचा आवाज चढला. तिला तो खाली आणता येईना आणि आणायचाही नव्हता. "विकत आणलं ते तुम्ही फेकलंत. फुकट आणायला गेले तर तुम्ही फोनवरून अडवलंत. मग माझ्यासाठी नक्की कुठलं आहे? तुमचा मुलगा मेलेल्या बायकोला काय करणार आहे? दुसरी आणणार?"

मेलेल्या हा शब्द कुठल्याही भाषेत पोचला असता असा तिने तो उच्चारला. बायका वळून बघायला लागल्या. संपदा पुढे झाली, मंगलाबाईंच्या मागून हात लांबवून तिने एक पिशवी रसिकाच्या पदरात टाकली आणि पुन्हा मागे सरकली.

रसिका उठली आणि पडद्याकडच्या रांगेत उभी राहिली. कोणी अडवलं नाही. अडवायला मंगलाबाईंनाच यावं लागलं असतं आणि वार्ताहर तिथेच होता.

सुशीला सिस्टरने तिला पाहिलं तेव्हा तिचा चेहरा पडला. हातातलं काम थांबवून तिने मान उंचावली आणि रसिकाच्या डोक्यावरून हाक मारली, "भाभीजी! बहूजी आई हैं. लगा दूँ?"

एवढा वेळ रसिका निदान सासूशी भांडत होती. आता मात्र तिला वाटलं की आपण या रांगेत उभ्याच नाही आहोत.

"सिस्टर, इधर देखिए. बाँह मेरी है. मुझसे पूछिए."

"अरे बेटा, घर का मामला है, मैं कैसे..."

"पिछली बार आपने मेरे घर फोन किया था. इन सबके घर भी करेंगी? फूलवती की सास का नंबर है आपके पास?"

"लगा लो फोन, सिस्टर!" मागून फूलवती ओरडली. "मेरी सास ऊपर गई है. वहाँ टावर मिले तो बता देना!"

रांगभर हशा झाला. सिस्टर हसली नाही. डॉक्टर मॅडम मात्र खुर्चीवरून उठून आल्या होत्या. कोणाला फोन केला होता, कधी, असं त्यांनी सिस्टरला हळू आवाजात विचारलं, आणि उत्तर ऐकून त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की सिस्टर बाजूला झाली. मग त्यांनी रसिकाला बसवलं, रक्तदाब पाहिला, बाळंतपणांचं विचारलं. रक्तस्रावाचं ऐकून भुवया चढवल्या.

"आख़िरी माहवारी?"

"आज सुबह."

पडदा जेमतेम कापडाचा होता. पलीकडे कोणीतरी जिभेने च्च केलं. रसिकाला वाटलं होतं की हे बोलताना लाज वाटेल. वाटली नाही. तिने बाही वर केली आणि दंड पुढे केला. सुई टोचताना वार्ताहराने पडद्याच्या फटीतून कॅमेरा आत घातला, तेव्हा डॉक्टर मॅडमनी त्याला हाकलला. पण त्याच्याकडे आधीचे फोटो होते.

घरी जाताना रिक्षात मंगलाबाई एका टोकाला आणि रसिका दुसऱ्या टोकाला बसली. मधे ताट होतं. घरी आल्यावर मंगलाबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, ताट चिंचेने घासलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. जेवल्या नाहीत.

हेमंतला सगळं कोणाकडून तरी कळलं होतं. तो बूट काढता काढता म्हणाला, "अगं, चारचौघांत कशाला? मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं होतं. तीनदा. एकदा तू म्हणालास, आईला समजावतो. एकदा म्हणालास, बघू. आणि एकदा तू काहीच म्हणाला नाहीस, मॅच बघत होतास."

"पण आईची काय शोभा झाली..."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं?"

"जपा म्हणाल्या होत्या."

"जिवाशी खेळ होईल, म्हणाल्या होत्या. माझ्या जिवाशी. तुझ्या लक्षात जपा एवढंच राहिलं." तिने मुलींची अंथरुणं उचलली. "आज मी त्यांच्याजवळ झोपणार आहे. आणि सुई घेतली म्हणून आता काही चिंता नाही, असं मनात आणून माझ्याकडे येऊ नकोस."

हेमंतच्या मनात ते आलेलं असावं, कारण तो गोरामोरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतारामरावांनी पेपर उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अहो, ऐकलंत का," त्यांनी बंद दाराकडे तोंड करून हाक मारली. "तुमचा फोटो आलाय!"

चार रकान्यांची बातमी होती. फोटोत मंगलाबाई वाकून ताट पुढे करत होत्या आणि रसिकाने पदर पसरला होता. विनवणी करणारा चेहरा फोटोत मायाळू दिसत होता. वर मथळा: समाजसेविका ने अपनी बहू से की शुरुआत. खाली लिहिलं होतं की बायका बुजत होत्या, तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी आधी स्वतःच्या सुनेला वाण देऊन आदर्श घालून दिला.

रसिकाने ते उभ्याने वाचलं. कालचं एक काम तेवढं तिचं होतं, सबंध लग्नात तिने स्वतः केलेलं. तेही रातोरात सासूच्या नावावर लागलं. पेपर फाडून टाकावा, त्या वार्ताहराला फोन करून ओरडावं, खरं काय ते छापायला लावावं.

दार उघडलं. मंगलाबाई बाहेर आल्या, त्यांनी पेपर घेतला, वाचला, आणि खुर्चीवर बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. इंदुमतीकाकू. मंगलाबाईंचे डोळे सुजले होते म्हणून त्यांनी बटण दिसेल तसं दाबलं, आणि आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"मंगला! अगं काय छान आलंय गं! मला काल वाटलं काही भलतंच चाललंय. तुमचं आधी ठरलेलं होतं होय? नगरसेवकाच्या बायकोचा फोन आला होता, म्हणाली, सासू असावी तर अशी."

खोलीत सगळे मंगलाबाईंकडे बघत होते. त्यांनी एकदा रसिकाकडे पाहिलं. मग पाठ ताठ केली.

"त्याचं काय आहे काकू," त्या म्हणाल्या, "सुरुवात घरापासून करावी, असं मला वाटलं."

रसिकाच्या तोंडात शब्द आले होते. खोटं बोलताय, एवढे दोनच. ते तिने जिभेवर धरले. खरं सांगितलं तर खरं तिचं होईल, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तोच दवाखाना, तीच सिस्टर, तोच फोन. ती दोन पावलं पुढे गेली आणि फोनवर वाकली.

"काकू, आणि पुढच्या सुईलाही आईच मला घेऊन जाणार आहेत. दर वेळी. हो ना, आई?"

पलीकडे इंदुमतीकाकू कान टवकारून होत्या हे न दिसताही कळत होतं. शांतारामरावांनी पेपर खाली केला. हेमंत दारात ब्रश तोंडात धरून उभा होता.

"हो," मंगलाबाई म्हणाल्या. "नेणार ना. मीच नेणार."

"सांगतेच बाई सगळ्यांना," काकू म्हणाल्या. "ग्रुपवरच टाकते मी."

फोन बंद झाला. मंगलाबाई रसिकाकडे बघत राहिल्या. त्या नजरेत काय होतं ते वाचायची रसिकाला गरज वाटली नाही. ती वळून स्वयंपाकघरात गेली. मुलींच्या डब्याला उशीर झाला होता. कणीक मळताना तिने ती इतकी रगडली की परात ओट्यावरून सरकत भिंतीला जाऊन आपटली.